पाच नंबर

बाबांना पुरून आम्ही क्लबच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चहाला जमलो होतो. नॉर्मनकाका हॅमच्या सँडविचची बशी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "गेनोर, क्लिफच्या वह्या कुठं असतात गं?"

प्रश्न साधा होता, पण त्यांनी तो बशीकडे बघत विचारला.

"बाबांच्या? कसल्या वह्या?"

"सरावाच्या. रिझर्व्ह संघ होता त्याच्याकडे, तेव्हाच्या. काही नाही, आठवण म्हणून."

"बघते," मी म्हटलं. ते मान हलवून उठले. सँडविच बशीत तसंच राहिलं. नॉर्मन थ्रेलफॉल यांनी हॅम टाकलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

ते माझे सख्खे काका नव्हेत. क्लेगवर्थ टाऊन या फुटबॉल क्लबचे ते बादलीवाले. बाबा मैदानात होते ती पंधरा वर्षं, आणि नंतर बाबा प्रशिक्षक होते ती अकरा वर्षं, काकांचं काम एकच होतं. डोक्याला डोकं आपटून कुणी खाली पडला की बादली घेऊन धावत जायचं, गार पाण्याचा स्पंज त्याच्या मानेवर पिळायचा आणि विचारायचं, "आज वार कोणता?" उत्तर बरोबर आलं की खेळाडू परत उभा. बाबा हसून सांगायचे, सामने सगळे शनिवारी असायचे, त्यामुळे नॉर्मनच्या परीक्षेत कधी कुणी नापास झालं नाही.

शेवटच्या सहा वर्षांत बाबांना वार सांगता येत नव्हता. मग आईचं नाव गेलं, मग काटा कुठल्या हातात धरायचा ते. मेंदू तपासायला द्यायचा निर्णय आईचा. ती एरवी असल्या गोष्टी बोलतही नाही, पण त्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाली, "म्हातारपणानं गेला म्हणून कुणी लिहिलेलं मला चालणार नाही. तो कामानं गेला." तपासणीचा अहवाल पुरण्याआधीच आला होता. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत दिसते तशी इजा, असं त्यात होतं. त्यामुळे प्रकरण कॉरोनरकडे, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलं. कॉरोनरच्या कार्यालयातल्या मिसेस एंटविसल माझ्याशी फार चांगलं बोलल्या, पण त्यांचा प्रश्न सरळ होता. ते डोक्यानं चेंडू मारत, हे सगळं गाव सांगेल. किती मारत? रोज? किती वर्षं? क्लबनं कळवलं होतं की सरावाची कुठलीही नोंद त्यांच्याकडे नाही. शुक्रवारपर्यंत काही कागद असतील तर आणून द्या, नाहीतर आहे त्यावर निकाल होईल.

म्हणजे आईला मृत्यूच्या दाखल्यावर 'कामानं' हा जो एक शब्द हवा होता, तो वह्यांवर अवलंबून होता. आणि नेमक्या त्याच वह्या नॉर्मनकाकांना आठवण म्हणून हव्या होत्या. काका क्लबचे मानद उपाध्यक्ष आहेत. दर सामन्याला त्यांना गरम मीट-पाई आणि पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते.

मंगळवारी ग्रंथालयातलं माझं काम संपवून परस्पर आईकडे गेले, तर माळ्याची शिडी बाबांच्या खोलीबाहेर उभी.

"कोण आलं होतं?"

"नॉर्मन येऊन गेला," आई म्हणाली. "बॉयलर आवाज करतोय म्हणत होता. बघितला त्यानं."

बॉयलर स्वयंपाकघरात आहे. मी शिडी जागेवर ठेवली.

माळ्यावर त्यांना काही मिळालं नसणार. बाबा रस्ता चुकायला लागले त्या वर्षी मी सगळ्या वह्या माझ्या घरी आणल्या होत्या. अकरा मोसमांच्या अकरा, निळ्या पुठ्ठ्याच्या. तोवर मी एकही उघडली नव्हती. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं हाताळणारी मी, बापाच्या हस्ताक्षराला हात लावायला धजत नव्हते. बुधवारी सुट्टी घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले आणि पहिल्या वहीपासून वाचायला लागले.

वाचण्यासारखं फार नव्हतं, सगळे आकडेच. क्लबच्या मैदानावर, प्रेक्षकांच्या स्टँडखाली, तुळईला एक चेंडू दोरीनं टांगलेला असे. सकाळी बचावपटूंनी रांगेत उभं राहायचं आणि एकेकानं उडी मारून त्याला डोक्यानं मारायचं. परत आला की पुन्हा. लहानपणी मी शाळेच्या सुट्टीत तिथं बसत असे. तो ठोक्याचा आवाज मला पाठ होता. आता त्या ठोक्यांचा हिशेब माझ्यासमोर होता. तारीख, खेळाडूचा नंबर, किती वेळा. दहा वर्षं, आठवड्याचे पाच दिवस. आणि बाबाही आपल्या खेळाच्या पंधरा वर्षांत याच चेंडूखाली, याच रांगेत उभे राहिले होते. मिसेस एंटविसलना याहून जास्त काय हवं असणार? मला हायसं वाटायला लागलं होतं.

अकराव्या वहीपर्यंत. १९९१ चा नोव्हेंबर.

"२ – ३०. ३ – ३०. ५ – ५०. ६ – ५०." हे नेहमीचं. त्याखाली बारीक अक्षरात: "५ ला धुरकट दिसलं. बसला. परत उठला."

दोन आठवड्यांनी: "५ ला शनिवारच्या संघातली नावं आठवेनात."

डिसेंबरात: "५ घरी जाताना रस्ता चुकला. कालव्याच्या पुलापाशी थांबला होता."

आणि नाताळच्या आधी: "नॉ. ला ५ चं सांगितलं. नॉ. म्हणाला, वर बोलू नकोस."

जानेवारीपासून २ आणि ३ दहावर आले होते. ५ च्या पुढे नुसती रेघ. खाली ६ होता, पण पाचवरून माझी नजर हललीच नाही.

आमच्या गावात ते पान दुसऱ्या कुणी वाचलं असतं तरी त्यानं तोच अर्थ काढला असता. तेव्हा पाठीवरचा नंबर माणसाचा नसे, जागेचा असे. दोन आणि तीन कडेचे, पाच आणि सहा मधले. पाच म्हणजे बचावाच्या बरोब्बर मध्यावर उभा राहणारा, येईल तो उंच चेंडू डोक्यानं परतवणारा. पहिल्या संघात चारशे बारा सामने बाबा पाच होते. आणि १९९१ साली रिझर्व्हचा पाच कोण होता हे मला पक्कं माहीत होतं. वेन ग्रिमशॉ. अठरा वर्षांचा. रविवारी आमच्याकडे जेवायला असायचा आणि पुडिंग दोनदा घ्यायचा.

म्हणजे बाबांना दिसत होतं. पोराला धुरकट दिसतंय, नावं आठवत नाहीत, रस्ता सापडत नाही. ते सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात टिपून ठेवलं, काकांना विचारलं, आणि काकांनी तोंड बंद ठेवायला सांगितल्यावर ते ठेवलं. दोन महिने पन्नास-पन्नास. मी वही मिटली. उठून कपबश्या धुतल्या. त्या आधीच धुतलेल्या होत्या.

काका शिडीवर का चढले ते आता उघड होतं.

गुरुवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. ते मागच्या अंगणात शेवंतीची मुळं काढून पेटीत भरत होते. मला बघून त्यांनी आधी हात पुसले, मग पुन्हा एकदा पुसले.

"चहा टाकू?"

"नको. वह्या माझ्याकडे आहेत, काका. अकरावी वाचली मी."

ते खाली बसले. पालथ्या बादलीवरच बसले.

"मग कळलंच असेल तुला."

"कळलं. तुम्ही बाबांना सांगितलंत, वर बोलू नकोस."

"सांगितलं. काय करणार होतो? वर कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेटबाहेर. तुला तो क्लब ठाऊक नाही."

"आणि पाचचं काय?"

"पाचनंच शपथ घातली मला," काका म्हणाले. "कुणाला सांगू नकोस म्हणाला. घरी तर अजिबात नको."

माझ्या मनात आलं, हा माणूस आता अठरा वर्षांच्या पोरावर ढकलतोय.

"त्यानं शपथ घातली आणि तुम्ही पाळली. तुमचं वय काय होतं, त्याचं काय होतं?"

"मी दोन वर्षांनी मोठा," काका गोंधळून म्हणाले. मला वाटलं, ते बाबांबद्दल बोलतायत, विषय बदलतायत. "हे बघ पोरी, मी बादली धरायचो. डॉक्टर नव्हतो. वार विचारायचो आणि पाणी मारायचो, एवढंच शिकवलं होतं मला. पण ती वही देऊ नकोस तिथं. बाकीच्या दहा दे. त्यात भरपूर आहे. अकरावी माझ्याकडे दे, नाहीतर चुलीत घाल. क्लिफसाठी सांगतोय, माझ्यासाठी नाही."

"बाबांसाठी माळ्यावर चढला होतात?"

ते लाल झाले. "तुझ्या आईला नको होतं दिसायला," म्हणाले. "तू लहानपणापासून अशीच. पुस्तकातल्या माणसांवर विश्वास, घरातल्यांवर नाही."

मी निघाले. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी मागून हाक मारली, "गेनोर, सहाचंही आहे त्यात, बघितलंस ना?" मी थांबले नाही. मला वाटलं, अजून एका पोराचं नाव पुढे करून वेळ काढतायत.

पण बाकीच्या दहा वह्या देण्याचा विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला होता, आणि तेच मला बोचत होतं. दहा वह्यांनी आईला शब्द मिळाला असता. अकरावीची कुणाला गरज नव्हती. असली तर एकालाच.

वेन ग्रिमशॉचं बाजाराच्या मागच्या गल्लीत गालिच्यांचं दुकान आहे. पंधरा वर्षं तीन-चार क्लबांकडून खेळला, मग गुडघे गेले, मग गालिचे. दुपारी मी गेले तेव्हा तो जमिनीवर गुडघे टेकून एक तुकडा मापत होता.

"ये, ये. वाचायला काही आणलंय का, दंड भरायचाय?"

"वही आणलीय. बाबांची."

तो उठला, पट्टी खिशात घातली. "पुरताना लांब उभा होतो मी. आत यायला जमलं नाही. रागावली नसशील." मग लगेच खाली वाकून तोच तुकडा पुन्हा मापला. "हल्ली दोनदा घेतो माप," म्हणाला. "पूर्वी नव्हतो घेत. बायको म्हणते वय झालं. शेहेचाळीस म्हणजे काही वय नाही गं."

मी काउंटरवर वही उघडली आणि पान त्याच्यासमोर केलं. एवढा वेळ पाठ करून आणलेलं एकही वाक्य बोलता आलं नाही. "तुझ्याबद्दल आहे," एवढंच म्हटलं. "बाबांना माहीत होतं, वेन. ते लिहून ठेवत होते."

त्यानं वाचलं. ओठ हलवत, बोट फिरवत वाचलं. पुलापाशी आला तेव्हा थांबला.

"मी कधी रस्ता चुकलो? मी स्टँडच्या समोरच राहायचो, मिसेस बूथकडे खोली घेऊन. रस्ता ओलांडला की घर."

"पाच. इथे बघ, पाच."

"पाच मी शनिवारी," वेन म्हणाला. "चेंडूखाली नाही. त्या ऑक्टोबरात आमच्या दुसऱ्या मधल्याचा, सहाचा, पाय मोडला, नाही का. रांगेत एक माणूस कमी पडला. मग तुझे बाबाच उभे राहायला लागले. पहिल्या दिवशी मी आपला पाचच्या जागी जाऊन उभा. तर म्हणतात, 'बाळा, ही जागा रिकामी नाही. सहाला सरक.' सगळे हसले. पोरं त्यांना पाचच म्हणायची मग. समोरसुद्धा."

दुकानात रबराचा आणि नव्या लोकरीचा वास होता. 

शेहेचाळीस वर्षांचे बाबा. रोज सकाळी पन्नास. धुरकट. शनिवारच्या संघातली नावं. ती त्यांनीच तर निवडलेली असायची. कालव्याचा पूल आमच्या घराच्या वाटेवर. त्या हिवाळ्यात एकदा ते उशिरा आले होते, आईनं मीट-पाई ओव्हनमध्ये दोनदा तापवली होती, आणि तिच्या चौकशीला ते म्हणाले होते, पाण्याकडे बघत होतो.

"म्हणजे काका…" मी म्हटलं आणि थांबले. सकाळचं सगळं बोलणं आठवायला लागलं. शपथ घालणारा पाच. घरी तर अजिबात नको.

वेननं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं बोट अजून पानावर होतं, खाली सरकत होतं. जानेवारी. फेब्रुवारी. मला ते थांबवता आलं असतं. वही ओढून घ्यायची होती फक्त.

"दोन आणि तीन दहावर आणले," तो म्हणाला. "स्वतः बंद केलं."

"हो."

"सहा पन्नास. सहा पन्नास. सहा साठ." त्यानं पान उलटलं. "मार्चपर्यंत."

 बोलण्यासारखं होतं ते सगळं तिथं लिहिलेलं होतं.

"मार्चमध्ये कपचा सामना होता," वेन म्हणाला. "पहिल्या संघाचे साहेब बघायला येणार होते. डोक्यानं खेळणारा पाच हवा होता त्यांना, मला सगळ्यांनी सांगितलेलं. त्या वेळी मला दहावर आणलं असतं ना, तर मिसेस बूथच्या जिन्यात बसून रडलो असतो मी. त्यांना ते ठाऊक होतं." त्यानं नाक ओढलं. "झाली माझी निवड. त्यांच्यामुळंच झाली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना काढलं. लोक म्हणायचे क्लिफ मऊ पडला, पोरांना हेडर शिकवत नाही. मीही म्हणालोय, पबमध्ये. मऊ पडला म्हणून."

बाहेरून कुणी काच ठोठावली. वेननं हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं.

"पण सांगायला हवं होतं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "दोघांना वाचवलं आणि चांगला होता त्याला ठेवला. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं.

"तुझी आई पुडिंग छान करायची."

"वेन, ही वही दिली नाही तरी चालेल. बाकीच्यांवर काम होईल. नॉर्मनकाका तेच म्हणत होते, आणि मला वाटलं ते स्वतःला वाचवतायत." हे मी त्याला का सांगत होते मला माहीत नाही. निर्णय त्याच्या गळ्यात घालायचा असेल बहुधा. ते बरं नव्हतं.

त्यानं फोन काढला. "मी या पानांचे फोटो घेऊ का? डॉक्टर विचारतात, किती वेळा मारायचात. मी सांगतो, पुष्कळ. ते 'पुष्कळ' लिहून घेत नाहीत."

त्यानं आठ फोटो काढले. दोन हलले म्हणून पुन्हा काढले.

गल्लीतूनच मी काकांना फोन लावला.

"पाच म्हणजे बाबा," मी म्हटलं.

"मग दुसरं कोण?" काका म्हणाले. "अगं, तुला काय वाटलं होतं?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "वेनकडे गेलीस होय," एवढंच म्हणाले. "सहाचं मी क्लिफला तेव्हाच बोललो होतो. क्लिफ म्हणाला, मार्चपर्यंत, नॉर्मन, फक्त मार्चपर्यंत. गाव वाचेल आता ते. ज्या माणसानं त्याला मऊ म्हटलं, तोच त्याला कसाई म्हणेल."

"म्हणू दे. मी काल रात्रभर म्हणत होते."

"आईला?"

"आता जातेय."

आई चुलीशी होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पाचचं आणि सहाचं. तिनं गॅस बारीक केला. मग विचारलं, "पाण्याकडे बघत होतो म्हणाला, तेव्हा?"

"तेव्हा."

"आणि वेनचं खरं आहे?"

"लिहिलेलं आहे, आई. बाबांनीच."

ती खुर्चीवर बसली आणि जणू हे मीच घडवून आणलंय अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. दहा वह्यांची वाट मी तिला सांगितली. सांगणं भाग होतं. तिनं ती ऐकली, आणि उठून पातेलं हलवलं.

"वेनच्या आईला मी सांगत असे, पोराची काळजी करू नकोस, क्लिफकडे आहे," ती म्हणाली.

शुक्रवारी ती माझ्याबरोबर आली. येते असं म्हणाली नव्हती. सकाळी गाडीपाशी कोट घालून उभी होती. कॉरोनरच्या कार्यालयात आम्ही अकराच्या अकरा वह्या टेबलावर ठेवल्या. मिसेस एंटविसलनी खूण घातलेलं पान आधी उघडलं, चष्मा लावला आणि बराच वेळ वाचत राहिल्या. मग पेन्सिल पाचवर टेकवली.

"हे कोण?"

"माझे वडील," मी म्हटलं.

"ते तर प्रशिक्षक होते तेव्हा."

"रांगेत उभे राहायचे."

त्यांनी लिहून घेतलं. आई हातमोजे मांडीवर सरळ करत होती. पेन्सिल एक ओळ खाली आली.

"आणि सहा?"

मी आईकडे पाहिलं. ती समोर भिंतीकडे बघत होती.

"वेन ग्रिमशॉ," आई म्हणाली. "आमच्याकडे जेवायला असायचा."

मिसेस एंटविसलनी आडनावाचं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं.